ठकूमायची हलगी

फार वर्षांपूर्वी, ओढ्यावर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. वरुडटेक गावात एक रीत होती. ज्यानं दवंडी ऐकली, त्यानंच गावबैठकीला बसायचं आणि हात वर करायचा. पण दवंडी वेशीच्या निंबापर्यंतच जायची. ओढ्यापलीकडच्या वस्तीला ती कधी ऐकूच यायची नाही. वस्तीचे निर्णयही गावच घ्यायचं.

एका उन्हाळ्यात पाटलाच्या मनात आलं, वस्तीच्या पिण्याच्या डोहाचं पाणी आपल्या बागेकडं वळवावं. बैठक ठरली. दवंडीवाला इठोबा तापानं पडला होता, म्हणून त्याची बायको ठकू हलगी घ्यायला आली.

पाटील हसले. "तू वाजवणार? बरं. पण ठके, निंबापुढं पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकत, पाटील."

ठकूनं निंबाखाली गोवऱ्या पेटवल्या आणि हलगी शेकत बसली. येणारीजाणारी म्हणायची, "अगं, हलगी शेकतीस का भाकरी भाजतीस?" ठकू हलगी आचेवर फिरवत राहिली. कातडं टणक झालं, तशी ती उठली. गावाकडं पाठ केली, वस्तीकडं तोंड केलं आणि पहिली टिपरी मारली.

असं म्हणतात, ओढ्याचं पाणी थरथरलं. पलीकडं रिकामे हंडे आपोआप घुमू लागले. बहिऱ्या धुरपाआजीनं मान वर करून विचारलं, "कोण बोलावतंय गं?"

वस्ती उठली. म्हातारी, लेकुरवाळी, सगळी ओढा उतरून बैठकीच्या पारावर येऊन बसली.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" पाटील ओरडले.

"दवंडी ऐकली, पाटील," धुरपाआजी म्हणाली. रीत गावाचीच होती. कुणाला उठवता येईना.

पाटील ठकूवर उखडले. ती म्हणाली, "मी निंबापाशीच होते, पाटील. आवाजाला कुठं थांबवू?"

डोह कुणाचा, असं विचारलं तेव्हा वस्तीचे सगळे हात वर गेले. मग गावातले दोन, मग आणखी चार. असं म्हणतात, तेवढे हात त्या पारानं कधी पाहिले नव्हते. डोह वस्तीचाच राहिला.

ठकूमायला जाऊन किती पावसाळे झाले, कुणी सांगू शकत नाही. पण आजही ग्रामसभेच्या सकाळी निंबाखाली गोवऱ्या पेटतात. वस्तीतली एखादी बाई हलगी शेकते आणि ओढ्याकडं तोंड करून वाजवते. मग सगळे गप्प उभे राहतात. पलीकडून वस्तीची हाक येते, "ऐकलं गं, ठकूमाय!"

त्यानंतरच सभा सुरू होते.