तरसाचं मयत

एका गावात एक भोळा जावई होता. नाव मायाप्पा. गावातले लोक त्याला दुसरंच काही म्हणायचे, पण जावयाला तसं म्हणायची रीत नाही. डोकं मात्र त्याचं लख्ख होतं. कधी वापरलेलंच नव्हतं.

त्याची बायको ठकूबाई रुसून माहेरी गेली होती. मायाप्पाला तिच्याशिवाय करमेना, भाकरी गोड लागेना. शेवटी सासरे बाळोबा चार शेळ्या घेऊन आले.

"जावईबापू, ह्या महिनाभर नीट सांभाळून दावा. मग लेक नांदायला पाठवतो. इकडं तरसाचं भ्या हाय. ते हाडं फोडून खातंय, म्हणून त्याच्या लेंड्या खडूसारख्या पांढऱ्या पडत्यात. तसं काय दिसलं, की हाडं खाणारं जवळच हाय समजा आन् आरडाओरडा करा."

"समजलं, मामा," मायाप्पा म्हणाला. बाळोबांनी शेळ्या तेव्हाच परत न्यायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर त्याला पांढरे तुकडे दिसले. बाजूला गुरुजी उभे होते. गुरुजी माळकरी, कांदासुद्धा खात नसत.

"धावा! धावा!" मायाप्पा ओरडला. "गुरुजी हाडं खात्यात! ह्ये बघा, इथंच बसले हुते!"

पोरं घराकडे पळाली. गुरुजींनी तीन दिवस शाळा उघडली नाही.

बाळोबा आले. म्हणाले, "अवो, खडूसारखं म्हणालो, खडू न्हवं! लेंड्यांचं ऱ्हाऊ द्या. दुसरी गोष्ट ऐका. तरस लई सोंगाडं. कुत्र्यांनी घेरलं, की मेल्यागत पडून ऱ्हातंय. तवा फसायचं न्हाई. काठीनं ढोसायचं."

"समजलं, मामा."

चार दिवसांनी रामजी सुतार वारला. त्याला अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. मायाप्पा गर्दीत घुसला आणि म्हणाला, "फसू नका! सोंग हाय!" आणि त्याने रामजीच्या बरगडीत काठी ढोसली.

रामजी उठला नाही. "लई पक्कं सोंग हाय," म्हणत मायाप्पाने पुन्हा ढोसलं. तेव्हा रामजीचा भाऊ उठला. पुढचं मायाप्पाला नीट आठवत नाही.

बाळोबा पुन्हा आले. या वेळी 'जावईबापू' वेशीबाहेरच राहिलं होतं.

"आरं, मेल्याला काठी लावत्यात व्हय? मेल्यावर वैर संपतं, वैरी का असंना! त्याच्यापुढं रडावं. कुत्रं शिवू देऊ नये. एकटं ठेवू नये, चौघांनी जवळ बसावं. आन् सोयऱ्यांना कळवावं. पुन्हा चुकलास, तर लेक विसर!"

मायाप्पा घाबरला. लेक विसरायची म्हणजे ठकूबाई विसरायची, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं. मग तो उठता-बसता तेच घोकू लागला.

महिना सरत आला. उद्या ठकूबाई येणार होती. पहाटे माळावर कुत्र्यांनी तरसाला घेरलं. तरस आडवं झालं, पाय ताणले, जीभ बाहेर काढली. मायाप्पा काठी घेऊन धावला. काठी उचलली, आणि त्याला आठवलं. आपल्याला वेळेवर आठवलं म्हणून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

काठी टाकून तो रडायला बसला. कुत्री हाकलली. तरसाला खांद्यावर घेतलं. तरसाने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. असला माणूस त्यानेही पाहिला नव्हता. डोळा मिटला.

जवळ बसायला चौघं कुठून आणायचे? शेळ्या चारच होत्या. अगदी मोजून दिल्यासारख्या. मायाप्पाने तरसाला गोठ्यात निजवलं, चौघींना भोवती उभं केलं. कुत्रं शिवू नये म्हणून बाहेरून कडी घातली आणि धावत सासुरवाडी गाठली.

"मामा, घरात मयत झालंय!"

कोण गेलं, हे विचारायचं भान कुणाला? ठकूबाईने हंबरडा फोडला. गाडी जुंपली. बांबू घेतले, मडकं घेतलं, भाऊबंद घेतले. मायाप्पा रडत होता, पण ठकूबाई शेजारी बसली होती म्हणून मनातून खूशही होता.

वाटेत बाळोबांनी विचारलं, "मयताजवळ कोण बसलंय?"

"तुमच्याच चौघी, मामा. कुत्रं शिवू नये म्हणून कडीबी घातलीया."

बाळोबांचे डोळे भरून आले. "शाणे झालात, जावईबापू," ते म्हणाले.

घरी पोचल्यावर मायाप्पाने गोठ्याची कडी काढली. आयाळ फुलवून तरस बाहेर सुटलं ते थेट बाळोबांच्या दोन्ही पायांमधून. बाळोबा आडवे, मडकं फुटलेलं, भाऊबंद झाडावर. आत चारही शेळ्या मरून पडल्या होत्या.

बाळोबांनी कपाळावर हात मारला. ठकूबाई पुन्हा गाडीत जाऊन बसली. सासऱ्याची ही दशा मायाप्पाला बघवेना. तो जवळ गेला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"मामा, रडा, रडलंच पायजे. पर आता हितं बसून भागायचं न्हाई. मयतं चार झाली. एकेकीजवळ चौघी म्हंजे सोळा लागतील. तुमच्या गोठ्यात हायत न्हवं तेवढ्या?"