भुजंगमहाराजांच्या मिशीचा कौल

महाराजांची मिशी गेली, तर मिशीपाठोपाठ आपले बाबाही जाणार, हे ऐकून गोजराच्या हातातली तेलाची वाटी निसटली, ती थेट महाराजांच्या पायावर!

"आई गं!" पळसगडचे भुजंगमहाराज ओरडले. त्या आवाजाला दचकून गोजरा बाबांच्या पाठीमागे दडली.

बाबा म्हणजे सोनबा, राजवाड्यातले न्हावी. पळसगडात दर पाडव्याला महाराजांची मिशी नव्यानं कोरायची आणि ती कशी कोरायची हे राण्यांनी बहुमतानं ठरवायचं, अशी चाल होती. राण्या तीन. थोरलीला मिशी हवी पिळदार, मधलीला झुपकेदार आणि धाकटीला नकोच. सफाचट!

"कौल राण्यांचाच," महाराज पाय चोळत म्हणाले. "त्यात मी लुडबुड करणार नाही. पण मिशी राहिली पाहिजे! गेली, तर सोनबा, तू गड उतरायचास. कायमचा!"

"पण महाराज, कौल माझ्या हातात कुठाय? माझ्या हातात नुसता वस्तरा!"

"तेच तर! वस्तरा तुझ्या हातात, म्हणजे अपराधी तूच!"

सोनबांच्या पाठीमागून बारीक आवाज आला, "म-महाराज, आखाड्यात तीन पैलवान आले तर काय करतात?"

"दोघांना झुंजवतात. जिंकेल तो तिसऱ्याशी लढतो."

"मग मिशांचीही तशीच कुस्ती लावा. दोन-दोन मिशांवर राण्यांनी हात वर करायचे. हरेल ती बाहेर."

"लावली!" महाराज म्हणाले. कुस्तीचं नाव काढलं की ते कशालाही तयार असत.

गोजराचा हिशेब पक्का होता. तिन्ही महालांत तेल पोचवता पोचवता तिला राण्यांच्या साऱ्या आवडीनिवडी कळल्या होत्या. थोरलीला पिळदार नसेल तर झुपकेदारही चालायची, पण ओठावर मिशी हवीच. मधलीला झुपकेदार नसेल तर सफाचट परवडायची, कारण पिळाचं टोक गालाला टोचतं. आणि धाकटीला सफाचट नसेल तर निदान पिळदार, कारण झुपक्यात खीर अडकते आणि ती बघून तिला मळमळतं!

आधी सफाचट पिळदारला पाडेल, मग झुपकेदारला शेवटी उतरवलं की ती सफाचटला पाडेल आणि काम फत्ते, असं ठरवून गोजरा पाडव्याला दरबारात गेली. पण तोंड उघडायच्या आत धाकटी राणी उभी राहिली.

"माझी सफाचट शेवटी! ताज्या दमाचा गडी शेवटी उतरतो. मीही पैलवानाच्या घरची आहे म्हटलं!"

"ब-बरं," महाराज म्हणाले. धाकटीपुढे त्यांचं काही चालत नसे. "आधी पिळदार आणि झुपकेदार!"

गोजरानं बोटं मोजली. थोरली आणि धाकटी मिळून पिळदारला जिंकवणार. मग पिळदार आणि सफाचट समोरासमोर! तिथं मधली धाकटीला मिळणार, आणि मिशी गेली! बाबा गेले!

ती धावत थोरल्या राणीपाशी गेली आणि कानात कुजबुजली, "बाईसाहेब, पिळदारला पाडा!"

"काय? माझ्या पिळदारला मीच पाडू?"

गोजरा एवढी दचकली की खांबाला धडकली. पण खांबाला धरूनच तिनं पुढचं बोलून टाकलं. "ती ही कुस्ती मारेल हो! पण पुढची? मधल्या बाईसाहेबांना पीळ टोचतो, त्या सफाचटकडे जातील. पिळदार आत्ता जिंकली, तर दुपारपर्यंत महाराज फणसाच्या सोललेल्या आठळीसारखे दिसतील!"

थोरलीनं महाराजांकडे पाहिलं. मिशी वजा करून पाहिलं. आणि तिच्या अंगावर काटा आला.

"पिळदार?" भालदारानं पुकारलं. एकट्या धाकटीचा हात वर!

"झुपकेदार?" मधलीचा हात वर गेला. आणि मागोमाग, दात-ओठ खात, थोरलीचा!

"आता झुपकेदार आणि सफाचट!" सफाचटला पुन्हा एकटी धाकटी. झुपकेदारला दोघी. मिशी वाचली!

"लबाडी!" धाकटी कडाडली. "थोरल्या ताई वर्षभर पिळाचे गोडवे गातात आणि आज आपल्याच गड्याला पाडतात? हा कौल खोटा! ह्या पोरीनं पढवलंय त्यांना!"

"काय गं पोरी?" महाराजांनी डोळे वटारले. "खोटं मत द्यायला लावलंस?"

गोजरा खांबाआड सरकली, जीभ मात्र सरळ चालली. "राणीसाहेब, समोर कोण येणार हे ओळखून तुम्ही शेवटची जागा मागितलीत. ते शहाणपण! मग समोर कुणाला धाडायचं हे ओळखून थोरल्या बाईसाहेबांनी हात वर केला, ती लबाडी कशी?"



"थांब, थांब," महाराज पुढे वाकले. "म्हणजे तीच माणसं, त्याच आवडी, तरी नुसती रांग बदलली की माझी मिशी बदलते?"

"होय महाराज. रांगेनं बदलते आणि वर केलेल्या हातानंही बदलते. म्हणून तर मला सदा धास्ती वाटते!"

महाराज हसले! इतके हसले की मिशी कोरायला जवळ आलेल्या सोनबांना वस्तरा आवरून धरावा लागला. "सोनबा, तू गडावरच राहायचंस! आणि आजपासून दरबारात आधी काय विचारायचं नि नंतर काय, ते ही तुझी पोर ठरवील!"

धाकटी राणीनं दंडातली वाकी काढून गोजराच्या हातात कोंबली. "ही घे. पुढल्या पाडव्याला माझ्या शेजारी बसायचं!"

"अं हं!" महाराज झुपका सावरत म्हणाले. "पुढल्या पाडव्याला ती माझ्या शेजारी!"