तिसरा पट्टा

“मला एवढंच सांगा माय, त्या दोघांना खोलीतून काढता, की मी निघू?”

गिरिधरच्या एका हातात तुटलेला पट्टा होता, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच त्याने निम्मं उत्तर भरून आणलं होतं.

माय मठाच्या ओसरीवर करडईची भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“कोन दोघं?”

“कोण म्हणजे? लिंबाजी आणि मन्मथअप्पा! आणखी कोण आहे तिथे?”

“हां... ते दोघं.”

हे ऐकून एखाद्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. गिरिधरची आग तिथे सकाळीच पोचली होती.

बालाघाटाच्या उतारावरचा हा मठ अगदी लहान. कुणापुढे हात पसरायचा नाही, हाताने करून खायचं, ही मायच्या गुरूंची शिस्त. म्हणून मठामागे सुतारकामाची एक खोली होती. त्यात लाकूड चिरायचं करवतीचं यंत्र आणि भिंतीला टेकवलेली हत्यारं. पाट, पोळपाट, चौरंग करायचे, विकायचे, त्यावर मठ चालायचा.

गिरिधर वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. नोकरी सोडून तो मायकडे शांती शोधायला आला. शांती काही सापडली नाही. करवतीचं यंत्र सापडलं.

आणि त्या यंत्रापाशी लिंबाजी आणि मन्मथअप्पा सापडले. दोघेही मठाच्या पायऱ्यांइतके जुने आणि जवळजवळ तितकेच हलणारे.

“काय केलं त्यांनी?” मायने विचारलं.

“काय केलं? हे बघा!”

त्याने तुटलेला पट्टा तिच्यासमोर धरला. काळ्या रबराचा, कडेने दोरे निघालेला. मायने तो हातात घेतला आणि भाजीच्या पाटीशेजारी ठेवला.

“नवा दिसतोय.”

“नवाच आहे! होता. महिनाभर टिकला नाही.”

“दुकानदारानं फसवलं व्हय?”

“दुकानदाराचा काही दोष नाही. पट्टा उत्तम होता. मी स्वतः नंबर लिहून दिला होता. तीन आणा म्हणून सांगितलं होतं, तीन! लिंबाजी एकच घेऊन आला. वर मला म्हणतो, ‘इंजिनेरसायेब, तुटला एकच, मंग तीन कशाला?’”

“बराबर हाय की. जे मोडलं तेवढंच बदलायचं. नियम हाय मठाचा.”

“तुमचा नियम मोडक्या खाटेला ठीक आहे माय. यंत्राला तो चालत नाही.”

माय थांबली. हातातली जून काडी तिने बाजूला टाकली.

“मंग यंत्राला काय चालतं? सांग.”

गिरिधरला दुसरं काय हवं होतं? त्याने पिशवी खाली ठेवली. रागावलेल्या माणसाला आपला विषय मिळाला की तो बसून रागावतो. गिरिधर पायरीवर बसला.

“मोटारीचं बळ करवतीपर्यंत तीन पट्टे नेतात. शेजारी शेजारी. तिघांनी सारखं ओढायचं. पण पट्टा वापरून वापरून लांबतो. केसभर लांबतो, डोळ्यांना दिसत नाही. आता दोन जुने, लांबलेले, आणि त्यांच्यात एक नवा कोरा. नवा आखूड असतो. ताठ असतो.”

“मंग?”

“मग सगळा भार त्या नव्यावर. जुने नुसते फिरतात.”

“फिरतात ना पन?”

“फिरतात! दिसायला तिघंही फिरतात माय. ओढतो एकटाच.”

माय भाजी निवडत राहिली...

“आणि म्हणून तो तुटला,” गिरिधर म्हणाला. “त्यात काही कमी होतं म्हणून नाही. चांगला होता म्हणून तुटला! यंत्रसुद्धा धडधडायला लागलं होतं. रोज दुपारपर्यंत तो पट्टा किंचाळायचा. कुणाला ऐकू येत नव्हतं का?”

“यायचं की.”

“मग?”

“मला वाटलं तू वरडतूस.”

गिरिधरचे कान लाल झाले. त्याने मायकडे पाहिलं. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं, असं त्याला वाटलं. मग निदान तिच्यावर उघड चिडता आलं असतं.

“म्हणजे ओढतो तो गुन्हेगार,” तो उठून उभा राहिला, “आणि नुसते फिरतात ते साधू?”

मायने भाजीची आणखी एक जुडी पुढे ओढली.

“पहाटे उठतो मी. लाकूड मी चिरतो, भुसा मी झाडतो, वंगण मी घालतो. अप्पा एकेका पाटावर अर्धा दिवस हात फिरवत बसतात, जसा काही नातूच मांडीवर घेतलाय! लिंबाजी बाजाराला गेला की दिवस मावळतो तेव्हा उगवतो. एक पट्टा आणायला अख्खा दिवस! आश्रमशाळेची पोरं जमिनीवर बसून जेवताहेत. दिवाळीच्या आत पाट देऊ म्हणून शब्द दिलाय आपण. तो शब्द कोण पाळणार? मी एकटा? की मी पण त्या... त्या पट्ट्यासारखा...”

राग होताच, पण त्याखाली आणखीही काहीतरी होतं आणि ते त्याला मायला दाखवायचं नव्हतं. त्याने पिशवी उचलली.

“न्याय करा माय. एक तर ते, नाहीतर मी.”

माय गुडघ्यावर हात टेकून उठली. भाजीची पाटी तिने फडक्याने झाकली.

“चल. दाव मला.”

“काय दाखवू?”

“तुजं यंत्र.”

ती पुढे, गिरिधर मागे. पिशवी त्याने सोडली नव्हती. खोलीच्या दारापाशी पोचण्याआधीच तो थबकला. आतून आवाज येत होता.

करवत चालू होती.

“कुणी लावलं ते?” गिरिधर धावला. “बंद करा! लिंबाजी, बंद करा ते!”

लिंबाजी यंत्रापाशी उभा होता, डावा पाय जरा मोकळा सोडून. त्याचा तो पाय फार वर्षांपूर्वी ओंडक्याखाली सापडला होता. तो एक पातळ फळी हळूहळू सरकवत होता. मन्मथअप्पा खिडकीशी पाट घासत बसले होते.

“दोनावर चालतंय की, इंजिनेरसायेब,” लिंबाजी म्हणाला. “जरा सावकाश घातलं की झालं.”

गिरिधरने कान दिला आणि त्याला आणखीच संताप आला. कारण यंत्र खरोखर चालत होतं. मऊ चालत होतं. धडधड नाही, किंचाळी नाही. इतके दिवस त्याने ज्यासाठी पाना फिरवला, मोटार वर-खाली केली, तेल ओतलं, ते तिसरा पट्टा गेल्याबरोबर आपसूक झालं होतं.

माय दारात उभी राहून ऐकत होती.

“ग्वाड वाजतंय,” ती म्हणाली.

“गोड?” गिरिधरचा आवाज चिरकला. “हे चालणं नव्हे माय, हे फिरणं आहे! थांबा, दाखवतो.”

त्याने पिशवी भुशात टाकली. कोपऱ्यातला बाभळीचा जाड ठोकळा उचलला आणि लिंबाजीला बाजूला करून करवतीला लावला.

करवत वीतभर आत गेली. मग आवाज खाली खाली बसत गेला. पट्टे घसरले. खोलीत जळक्या रबराचा वास सुटला आणि करवत लाकडातच अडकून राहिली. गिरिधरने कळ दाबून मोटार बंद केली.

“बघितलंत?” तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची तकाकी होती. “दोघांच्यानं होत नाही! पाटाचे पाय कशातून काढणार? पातळ फळीतून? माझ्यावाचून... म्हणजे तिसऱ्यावाचून चालत नाही हे यंत्र.”

“न्हाई चालत,” माय म्हणाली.

लिंबाजीने मान खाली घातली. अप्पांचा हात पाटावर थांबला. दोघांनाही कळलं होतं, बोलणं पट्ट्यांचं चाललेलं नाही. पिशवी त्यांनी पाहिली होती. मायने आता एक शब्द काढला असता तर दोघेही उठून गेले असते, आणि कुठे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आन् नवा एकटा?” मायने विचारलं.

“एकटा कसा चालेल? एकटा तुटतो. तुटलाच की.”

“आन् तिन्ही नवे घातले तर?”

“तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! तिन्ही एकदम घालायचे. एका मापाचे. मग वर्षानुवर्षं बघायला नको.”

“ते न्हाई लांबायचे?”

“लांबतात. पण तिघं बरोबर लांबतात. एकमेकांच्या...”

तो मध्येच थांबला.

खिडकीतून उतरता उजेड आत येत होता. त्यात भुसा अजून तरंगत होता...

मन्मथअप्पांनी हातातला पाट पुसला आणि बाकीच्या पाटांवर ठेवला. गिरिधरची नजर तिकडे गेली. ते सगळे त्यानेच चिरलेले पाट होते. त्याच्या हातून निघताना त्यांच्या कडा हाताला बोचायच्या. आता बोचत नसाव्यात. त्याने हे कधी पाहिलं नव्हतं, आणि आत्ता पाहायचीही त्याची इच्छा नव्हती. भांडण जिंकायच्या बेतात असताना माणसाला असलं काही दिसू नये.

“तर मग ठरलं?” तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. “तीन नवे आणायचे? मठाचा नियम आड येणार नाही?”

“नियम माजाच हाय,” माय म्हणाली. “माजंच चुकलं. तीन आण.”

इतक्या सहज हार मानणाऱ्या माणसाशी पुढे कसं भांडायचं, हे गिरिधरला कुणी शिकवलं नव्हतं.

“आणि...” त्याने त्या दोघांकडे न बघता विचारलं, “यांचं काय? मी विचारलं त्याचं काय?”

माय वाकली, भुशातली त्याची पिशवी उचलली, आणि उलटी केली.

सदरे, धोतर, पंचा, तेलाची बाटली, सगळं करवतीच्या मेजावर पडलं. कपड्यांच्या घड्या अगदी काटेकोर होत्या. अप्पा पुढे आले. त्यांनी सगळ्यात वरचा सदरा उचलला, त्यावरचा भुसा झटकला आणि पुन्हा तसाच घडी करून ठेवला.

“माय!” गिरिधर ओरडला. “हे काय?”

मायने रिकामी पिशवी झटकली आणि त्याच्या हातात दिली.

“पट्टे आनायला लागंल ना पिशवी? जा.”

“आत्ता?”

“आत्ताच. लिंबाजीला संगं घे. आप्पालाबी. पायी जावा.”

“पायी?” आता मात्र गिरिधरचा तोल सुटला. “अहो, माझी फटफटी बाहेर उभी आहे! तासाभरात जाऊन येतो मी एकटा. लिंबाजीचा पाय बघा, अप्पांचा दम बघा! यांना घेऊन घाट कधी उतरणार, गावात कधी पोचणार?”

“लिंबाजी चालंल तसा चाल.”

“त्याच्या चालीनं?”

“त्याच्याच.”

लिंबाजीने कोपऱ्यातली काठी उचलली होती. अप्पांनी खांद्यावर उपरणं टाकलं. दोघेही दारात येऊन उभे राहिले, गिरिधर आधी बाहेर पडेल म्हणून वाट सोडून. तो जागचा हलत नव्हता. पिशवी त्याने मुठीत घट्ट आवळली होती.

“दुकान बंद होईल माय! सांगून ठेवतो, आम्ही पोचेपर्यंत दुकान बंद झालेलं असेल!”

माय भाजीकडे परत निघाली होती. ती थांबली, पण वळली नाही.

“हुईल तर हुईल... उद्या पुन्हा तिघं जावा.”