कोल्हा टिटवीच्या घरी बसतो

वैशाखातली सकाळ, आठची वेळ. ठिकाण, उन्हाळाभर तव्यासारखे तापणाऱ्या एका शहराच्या कडेची राई. या राईत एक मोर राज्य करी आणि एक कोल्हा त्याचा कारभार पाही. राईच्या मधोमध तळे होते आणि तळ्याकाठी करंजांची गर्द सावली. तिथल्या प्राण्यांची फार जुनी रीत होती. उन्हाळ्यात पोरांना घेऊन भल्या पहाटे तळ्यावर जायचे, त्यांना मनसोक्त हुंदडू द्यायचे आणि ऊन तापायच्या आत परतायचे.

त्या सकाळी कोल्ह्याने उंचवट्यावर उभे राहून मोराचा हुकूम ऐकवला. आदल्या दिवशी भर दुपारी माकडाचे एक पोर कातळावर खेळताना भोवळ येऊन पडले होते. सावलीत नेल्यावर ते बरे झाले आणि संध्याकाळी पुन्हा फांद्या मोडायला लागले. पण मोराला म्हणे फार काळजी वाटली. म्हणून पाऊस पडेपर्यंत कोणीही पोरांना तळ्यावर आणायचे नाही, पहाटेसुद्धा नाही. पोरे घरात ठेवायची. तळे मोर आणि त्याच्या मंडळींपुरते उघडे राहील, कारण त्यांच्याबरोबर पोरे नसतात. मुलांनो, हा हुकूम नीट समजून घ्या. घडले ते दुपारी, आणि बंद झाली पहाट.

जमलेल्यांनी माना डोलावल्या. एका टिटवीने डोलावली नाही. तिची पिल्ले नुकतीच अंड्यातून निघाली होती. टिटवीच्या जातीत आई चोचीने घास भरवत नाही. पिल्ले पहिल्या दिवसापासून आईमागे चालत आपले किडे आपणच टिपतात. वैशाखात असे किडे तळ्याकाठच्या ओल्या मातीतच मिळत. तळे बंद म्हणजे पिल्लांचे जेवण बंद. टिटवीने हे सगळे कोल्ह्याला समजावून सांगितले. पिल्लांनी खायचे काय, असेही विचारले. कोल्हा हसला.

"झोपताना पाय वर करून आभाळ पेलणारी तू. तुला उन्हाची कसली भीती? पोरांना घरात ठेव आणि ओरडू नकोस. तू ओरडलीस की लोकांना अपशकुन होतो."

"ठेवते की," टिटवी म्हणाली. "पण कारभारी, आधी आमचं घर तरी बघा. पाहुणे म्हणून या आणि दुपारपर्यंत बसा."

सगळे बघत होते, त्यामुळे कोल्ह्याला नाही म्हणता येईना. तो तिच्यामागे राईबाहेरच्या उघड्या माळावर गेला. तिथे चार खडे गोल मांडलेले होते. वर फांदी नाही, बाजूला गवत नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि घर कुठे आहे म्हणून विचारले.

"तुम्ही उभे आहात तेच," टिटवी म्हणाली.

कोल्हा बसला. ऊन वाढत गेले. थोड्या वेळाने त्याने पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. राईच्या कडेच्या बाभळीवरून खार म्हणाली, "कारभारी नाचायला शिकले. मोराला कळवायला हवं." तेवढ्यात टिटवीचा नवरा लांबच्या नाल्यातल्या कातळी डबक्यात पोटाची पिसे भिजवून आला आणि पिल्लांवर पंख पसरून उभा राहिला. त्याच्या पिसांतले पाणी पिल्लांच्या अंगावर ठिबकत होते. टिटवीने कोल्ह्याला सांगितले की त्यांच्या घराला भिंती नसतात, छप्पर नसते. आईबाप ओले होऊन उभे राहतात तेवढीच सावली. कोल्ह्याला एकाएकी तातडीची कामे आठवली. दुपार व्हायला अजून बराच अवकाश होता. टिटवी म्हणाली, "बसा की. हुकूम तुम्हीच वाचलात." पण कोल्हा केव्हाच आपल्या गार बिळाकडे धावत सुटला होता.

एवढे होऊनही हुकूम काही मागे घेतला गेला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे टिटवी पिल्लांना घेऊन निघाली. लपतछपत नाही, राईच्या मधल्या वाटेने, सबंध रस्ताभर ओरडत. तिचा आवाज ऐकून एकेक घर जागे झाले. मुंगशीण पोरांना घेऊन बाहेर पडली. भोवळ आलेल्या पोराची आईही त्याच पोराला कडेवर घेऊन निघाली. तळ्याकाठी मोर पिसारा फुलवून वाट अडवून उभा होता.

"हुकूम माहीत नाही का?" त्याने विचारले.

"माहीत आहे," टिटवी म्हणाली. "म्हणूनच ओरडत आले. चोरून यायचं असतं तर गप्प आले असते."

मोराने तिच्यामागची रांग पाहिली आणि पिसारा मिटला. पोरे त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत चिखलात शिरली. पिल्लांनी पोटभर किडे टिपले. माकडाच्या पोराने मोराच्या शेपटीवर चिखल उडवला आणि त्याबद्दल आईचा धपाटा खाल्ला. ऊन तापायच्या आत सगळे परतले. तेव्हापासून रोज पहाटे हेच चालले आहे आणि कोणालाही भोवळ आलेली नाही.

हुकूम निघाला त्या दिवशी माळावरच्या एका सशिणीने तो मुकाट पाळला होता. तिचे घर म्हणजे गवताचा आडोसा, आणि वैशाखात गवत वाळून उडून गेलेले असते, म्हणून एरवी ती पिल्लाला दिवसभर तळ्याकाठच्या करंजांखाली ठेवी. त्या दिवशी तिने ते उघड्या माळावरच्या घरातच ठेवले. ते संध्याकाळ पाहू शकले नाही. हुकूम कोणाचा, असे विचारले की मोर कोल्ह्याचे नाव सांगतो आणि कोल्हा मोराचे. त्या पिल्लाबद्दल दोघांपैकी कोणीही आजवर उत्तर दिलेले नाही.

तात्पर्य : घरात बसा असे सांगणाऱ्याने आधी ते घर पाहावे, आणि दुपारच्या उन्हाचे निमित्त करून कोणी पोरांची पहाट काढून घेतली, तर ती उजळ माथ्याने परत घ्यावी.