फडकं बांधलेलं गाडगं

फार फार वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दरवाजे होते त्या काळी, गेनू नावाचा एक तरुण ढेकूण मारण्याचं काम शिकला. त्याचा गुरू म्हातारा होता. निरोप देताना त्याने एक मोठं गाडगं गेनूच्या हातात दिलं आणि सांगितलं, "कडुनिंबाचा काढा उकळता असू दे. बाजेच्या सांध्यासांध्यात ओत. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजव. आणि ध्यानात ठेव, पोरा, घराला घर लागून असेल तर सगळी आळी एकदम कर. नाहीतर हातच लावू नकोस."

गेनूने मान डोलावली. पण त्याला एकच काळजी होती. पहिलं काम कोण देणार?

फिरत फिरत तो एका गावी आला. तिथल्या वरच्या आळीत घरं अशी चिकटून होती की एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. गेनू दारोदार विचारू लागला, "ढेकूण झालेत का?"

"आमच्याकडे? छे! शेजारी विचार," पहिल्या घराने सांगितलं.

"आमच्याकडे नाहीत हो. पलीकडे असतील. ती बाई केर तरी काढते का!" दुसऱ्या घराने सांगितलं.

तिसऱ्या घरच्या तात्यांनी तर नाही नाही म्हणता म्हणता दाराच्या चौकटीला पाठ घासून घेतली.

शेवटच्या घरात सगुणाकाकू राहायच्या. आळीत स्वच्छतेचं नाव निघालं की त्यांचंच निघायचं. त्यांनी गेनूला सगळ्यांना ऐकू जाईल असं हाकललं आणि लगेच परसदारी गाठलं.

"दुपारी सगळे लवंडले की ये. इकडून, मागच्या दाराने. आणि ते गाडगं झाकून आण."

"काकू, माझे गुरू म्हणतात, सगळी आळी..."

"आळीला कळलं तर माझी गजरा घरात राहील, मेल्या! तिला बघायला पाहुणे यायचेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

पहिलंच काम होतं. गेनूने शपथ घेतली आणि गाडग्याला फडकं बांधलं.

काकूंच्या बाजेतले पुष्कळ ढेकूण मेले. उरलेले भिंतीच्या फटीतून शेजारी गेले. मग शेजाऱ्यांनीही गेनूला हळूच बोलावलं. मागचं दार, झाकलेलं गाडगं, तीच शपथ. तिथले ढेकूण तात्यांकडे गेले, तात्यांकडचे फिरून मागे आले. गेनू एका घरातून दुसऱ्या घरात जाई, आणि ढेकूण त्याच्या पुढेमागे आळीत येरझाऱ्या घालत.

हळूहळू कुजबुज सुरू झाली.

"हा पोरगा आल्यापासून ढेकूण वाढलेत."

"फडक्याखाली काय असेल हो?"

"दुसरं काय असणार? ढेकूणच! एका घरात धरतो, दुसऱ्या घरात सोडतो. धंदा चालायला नको?"

बोलणारे तेच होते, ज्यांनी त्याला मागच्या दाराने आत घेतलं होतं.

गेनू आळीतून जाऊ लागला की दारं लोटली जात आणि फटींमधून डोळे त्याच्या मागे येत. आया मुलांना आत ओढत. पाणवठ्यावर तो गेला की बोलणी थांबत. तो स्वतःही आता प्रत्येकाकडे संशयाने बघू लागला. याने तर नसेल सांगितलं? तो का हसला?

एका सकाळी, तो मुक्कामाला होता त्या धर्मशाळेत, त्याच्या दंडावर लाल गांधी उठली. त्याने घोंगडी उलटून पाहिली. दुमडीत ढेकूण होते. त्याने घाईघाईने घोंगडी गुंडाळली आणि कुणी पाहिलं का म्हणून चोरासारखं मागे वळून बघितलं.

गजराला बघायला पाहुणे यायचे त्याच्या आदल्या दिवशी पाटलांनी त्याला पारावर बोलावलं. सारी आळी जमली होती.

"फडकं सोड," पाटील म्हणाले.

गेनूने फडकं सोडलं. आत हिरवा काढा आणि कडुनिंबाचा पाला.

"आधीच सोडून आला असेल!" कुणीतरी मागून म्हणालं.

"कुणाकुणाकडे काम केलंस त्यांची नावं सांग," पाटील म्हणाले. "त्यांना विचारू. नावं सांगितली नाहीस, तर गाडगं फोडून वेशीबाहेर घालवू आणि पंचक्रोशीत निरोप धाडू."

गेनूने सगळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकजण जमिनीकडे बघत होता. सगुणाकाकू पदराचं टोक पिळत होत्या. नाव घेतलं तर शपथ मोडणार आणि गजराचं लग्न मोडणार. न घेतलं तर हातातलं काम सुरू होतानाच संपणार.

"नावं मी सांगणार नाही," तो कसाबसा म्हणाला. "पण माझं सांगतो." त्याने आपली घोंगडी पारासमोर उन्हात पसरली. ढेकूण सैरावैरा पळू लागले. "माझ्याकडेही झालेत. ढेकूण मारणाऱ्याच्याच अंथरुणात ढेकूण म्हटल्यावर काम कोण देणार, म्हणून मी लपवलं."

"बघा! यानेच आणले!" एकच गलका झाला. एकाने गाडग्यावर काठी उगारली.

"थांबा!" सगुणाकाकू पुढे आल्या.  "त्याने आणले नाहीत. माझ्याच घरातून ते त्याच्या घोंगडीत गेले. तो यायच्या आधीपासून माझ्या बाजांची वारुळं झाली होती. मीच त्याला मागच्या दाराने बोलावलं. फडकंही मीच बांधायला लावलं."

 मग तात्या पाठ खाजवत म्हणाले, "मीही बोलावलं होतं. दोनदा."

"तरीच म्हटलं, तुमच्या भिंतीतून एवढी वरात कुठून येते!" शेजारीण बोलून गेली, आणि मग तिलाही आपलं कबूल करावं लागलं.

पाटलांनी घसा खाकरला. "गेनू, माझ्याही माजघरात एकदा बघून जा. जमलं तर मागच्या दा..." त्यांनी लोकांकडे पाहिलं. "नको. पुढच्याच दाराने ये."

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत झाडून सगळ्या बाजा पाय वर करून उन्हात पडल्या. मधोमध काढ्याची काहील रटरटत होती. पोरं चुना कालवत होती. आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची बैलगाडी आळीच्या तोंडाशी थांबली.

नवऱ्या मुलाची आई खाली उतरली. तिने बाजांवरून नजर फिरवली. काकू पदर सावरत पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ढेकूण झालेत. आज सगळी आळी साफ करतोय. बसायला कोरी सतरंजी अंथरते."

बाई काहिलीपाशी गेली. मग तिने गेनूकडे बोट दाखवलं.

"हा आमच्या गावी येईल का? आमच्याकडे सगळेच म्हणतात, ढेकूण शेजाऱ्यांकडे आहेत."

गजराचं लग्न त्याच घरी ठरलं. वरात तिथे पोचण्याआधी गेनू पोचला. भर दुपारी तो वेशीतून आत शिरला, गाडगं उघडंच होतं, आणि तो लाजराबुजरा पोर खणखणीत आवाजात ओरडत होता, "ढेकूण मारणार! सगळी आळी एकदम!"

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: झाकून ठेवलेली कीड भिंत ओलांडते आणि झाकून केलेलं काम संशय वाढवतं; दोन्हींवर औषध एकच, उघडं ऊन.