बोगद्यापुढची पडवी

धडाम्! डोंगरातल्या बोगद्यातून राजाची वेगवान गाडी यायची, पण तिच्याआधी आवाजच असा बाहेर पडायचा की समोरच्या कुंभारवाडीतली मडक्यांची उतरंड कोसळलीच! पोळ्यासाठी घडवलेल्या मातीच्या बैलांची शिंगं तर रोज मोडत होती.

कुंभार फुटकी मडकी घेऊन दरबारात गेले. राजा धुरंधरसेन भडकला.

"गाडीचा वेग तसूभर कमी होणार नाही! माझ्या बोगद्याचा एक दगड हलणार नाही! आवाज सोसत नसेल तर पोळ्याआधी वाडी उठवा!"

कुंभार फुटकी मडकी गोळा करू लागले. एका कुंभाराची मुलगी येसू मात्र पुढे झाली.

"दोन्ही अटी कबूल, महाराज! आवाज बंद केला तर वाडी राहील ना?"

"राहील! पण करशील कसा? बोगद्यात बोळा कोंबून?"

"मग तुमची गाडी कुठून जाईल, महाराज?"

दरबारी मिशीत हसले. राजाने चिडून गवंडी दिले, दगड दिले. येसू ते घेऊन तडक डोंगरापलीकडे गेली, जिथून गाडी आत शिरते तिथे! राजा मागोमाग आलाच.

"अगं वेडे, आवाज होतो वाडीकडे आणि तू काम काढलंस इकडे?"

येसूने कमरेची बांबूची नळी काढली. तिच्या दोन्ही टोकांना ओल्या पाल्याचे बोळे होते, मागून रेटायला दट्ट्या.

"ही माझ्या म्हादूदादाची बंदूक. तो आता नाही. असता तर तुमच्याशी भांडला असता. मी नुसती उडवते."

फाट्! पुढचा बोळा थेट राजाच्या फेट्यावर!

"बघा! ढुशी मागून दिली, आवाज पुढे झाला! गाडीही इथे शिरताना हवेला अशीच ढुशी देते. ती कोंडलेली हवा वाडीकडे फुटते."

तिने नळीवरून एकदा हात फिरवला, मग मागच्या भागाला भराभर भोकं पाडली. पुन्हा बोळे भरले, दट्ट्या रेटला. फुस्स! हवा भोकांतूनच निसटली.

"खबरदार! माझ्या बोगद्याला भोकं पाडशील तर!"

"तुमच्या बोगद्याला हात कोण लावतंय? मी त्याच्यापुढे नवी पडवी बांधतेय, त्याच्याहून रुंद. गाडी आधी तिच्यातून जाईल. भोकं माझ्या पडवीला!"

पडवी झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी वाडीत उतरंड रचली, सगळ्यात वर ताकाचं मडकं. राजा शेजारीच बसला. धास्तीने डोळे गच्च मिटलेले, कानांत बोटं! बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला, कानांतली बोटं काढली.

"अजून गाडी कशी आली नाही?"

"आली आणि गेलीसुद्धा, महाराज! ताक घेणार?"

राजाने वर पाहिलं. मडकं जागेवर! तो खो खो हसत सुटला.

"वाडी तुमचीच! आणि तुला काय हवं, पोरी?"

"पडवीवर माझ्या दादाचं नाव कोरा."

"कोरलं! तोही असाच शहाणा होता का गं?"

"छे! तो गाडीच उलटी फिरवायला निघाला असता!"

राजा पोट धरून इतका हसला की उतरंड डुलायला लागली.

"हळू, महाराज!" येसू मडकं सावरत ओरडली. "गाडीनं सोडली, आता तुम्ही पाडाल!"