थांबलेली द्वादशी

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी मी वाल सोलत होते. कढई रिकामीच होती आणि आई मला शेषगिरी महाराजांची कथा सांगत बसली होती. तीच कथा भाविकांसाठी लिहिते.

महाराजांचा मुक्काम तेव्हा आंबेदऱ्याच्या मठात होता. श्रावणातल्या एकादशीला साऱ्या गावाने निर्जळी उपास केला. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर द्वादशी जेमतेम घटकाभर उरणार होती. तेवढ्यात पारणे झाले नाही, तर उपास फुकट. म्हणून पहाटेच पाने मांडली. सूर्य उगवताच पंगतीच्या टोकाला वामनभट जोशी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडून बसले. तळाला भोक असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली, की घटका संपली.

मठाची रीत अशी, की प्रत्येक पानावर तुळशीचे दळ पडल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. महाराज म्हणाले, "आज तुळस यमू वाढेल."

यमू ही मठात भांडी घासणाऱ्या गोदावरीची लेक. ती पहाटे परकराची गाठ मारायला बसली, की गाठ बसेपर्यंत उन्हे अंगणात येत.

"महाराज, मग पुढच्या द्वादशीलाच जेवू," वामनभट म्हणाले. "गोदे, लेकीला गोगलगायीचं दूध पाजलंस काय गं?"

पंगत हसली. गोदावरीने मान खाली घातली.

यमू एकेक दळ पुसे, दोन्ही हातांनी पानावर ठेवी, समोरच्याला नमस्कार करी, मग पुढे सरके. निम्मी पंगत उरली होती, तोच वामनभट ओरडले, "पाणी काठाला आलं. घ्या ती परडी तिच्याकडून."

गावाचा उपास वाया जाणार आणि त्याचा बोल जन्मभर या पोरीला लागणार! गोदावरीचा हात परडीकडे गेला. यमूने वर पाहिले.

"आई, माझं चुकलं का?"

तो हात मागे आला. "नाही बाळा. तुझं चालू दे." मग ती महाराजांना म्हणाली, "पाप लागायचं ते मला लागू दे. तिच्या हातातलं मी ओढणार नाही."

महाराजांनी डोळे मिटले.

वाटी काठोकाठ भरली, पण बुडाली नाही. वामनभटांनी बोटाने दाबून पाहिली. ती खाली गेली आणि पुन्हा वर आली. पंगत माना उंचावून पाहत होती. यमू मात्र आपल्याच गतीने पुसत, ठेवत, नमस्कार करत शेवटच्या पानाशी पोहोचली. ते वामनभटांचे होते.

"काका, जेवा आता."

महाराजांनी नारायणाचे नाव घेतले. सर्वांनी पहिला घास घेतला आणि मग वाटी टणकन तळाला गेली.

वामनभटांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "जोशीबुवा, मी काय केलं? थांबली ती ही माउली. तिला एकटीला थांबावं लागू नये म्हणून नारायणही थांबला."

वामनभट उठले आणि त्यांनी सर्वांदेखत गोदावरीपुढे मस्तक टेकवले. ती लाजून मागे सरली.

आज ही कथा मी आईच्या फोटोसमोर मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "आई, शाळेची घंटा होऊन गेली, पंगती उठून गेल्या, पण माझ्या हातातलं तू कधी ओढून घेतलं नाहीस. मला ते कळत होतं गं."